डिलिव्हरी मॅनेजर व्हायचंय, तेही नागपुरात राहून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन वर्षांपासून दर आठवड्याला एखादा तरी फोन येतो, कधी मावसबहिणीचा मुलगा, कधी जुन्या टीममधली पोरगी, कधी कॉलनीतले काका, की ताई तू ते डिलिव्हरीचं मॅनेजमेंट करतेस न, आमच्या पोट्ट्याला पण त्याच्यातच जायचंय, काय करावं लागते ते सांग. प्रत्येकाला तेच तेच सांगून राहिली मी, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढलं. मी बीएस्सी करून सपोर्ट डेस्कवर लागले होते, आता मिहानच्या (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी क्षेत्राच्या) बाजूला बसून तीन टीम सांभाळते, तिथून जसं दिसतं तसं लिहिलंय.

डिलिव्हरी मॅनेजर म्हणजे पार्सल पोचवणाऱ्यांचा मॅनेजर का?

नाही, पण घरचे लोक खरंच असं विचारतात म्हणून हा प्रश्न आधी घेतला. इथे डिलिव्हरी म्हणजे वेबसाइट, अ‍ॅप, पोर्टल अशी डिजिटल सेवा लोकांच्या हातात चालू अवस्थेत पोचवायची आणि नंतर ती चालू ठेवायची. काय बनवायचं ते प्रॉडक्टवाले ठरवतात, स्क्रीन डिझायनर काढतात, कोड डेव्हलपर लिहितात, टेस्टर तपासतात. मग मॅनेजर काय करतो? या सगळ्यांचं काम कुठे अडलंय ते शोधतो आणि मोकळं करतो.

एक उदाहरण सांगते. आमच्या सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) एक मुलगा तीन दिवस सांगत होता, पेमेंटचं काम चालू आहे. चौथ्या दिवशी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं की त्याच्याकडे बँकेच्या टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेसच नाही, तिकीट (मागणीची नोंद) टाकलंय, ते दुसऱ्या शहरात कोणाच्या तरी अप्रूव्हलला पडून आहे, आणि नवीन असल्यामुळे हा संकोचून बोलत नव्हता. ज्यांचं अप्रूव्हल पाहिजे त्या मॅडम सुट्टीवर होत्या, त्यांच्या जागी कोण आहे ते शोधलं, फोन केला, अर्ध्या तासात अ‍ॅक्सेस आला. तीन दिवस वाया गेले होते ते अर्ध्या तासाच्या कामासाठी. ते अर्ध्या तासाचं काम म्हणजेच माझी नोकरी आहे, बाकी एक्सेल आणि मीटिंगा त्याच्या आजूबाजूला असतात.

प्रोजेक्ट मॅनेजर, स्क्रम मास्टर, सर्व्हिस डिलिव्हरी मॅनेजर, हे सगळं एकच का?

कंपनी बदलली की अर्थ बदलतो, म्हणून नुसतं टायटल बघून अर्ज टाकू नका, जेडी (कामाचं वर्णन) शेवटपर्यंत वाचा. ढोबळमानाने सांगायचं तर प्रोजेक्ट मॅनेजरकडे सुरुवात आणि शेवट ठरलेलं काम असतं, त्याची तारीख आणि बजेट त्याच्या गळ्यात. स्क्रम मास्टर टीमला स्क्रमची पद्धत, म्हणजे छोट्या ठरलेल्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करायची पद्धत, नीट वापरायला मदत करतो. सर्व्हिस डिलिव्हरी मॅनेजरचं काम सेवा लाइव्ह झाल्यावर जास्त असतं, म्हणजे इन्सिडंट (सेवा अचानक बंद पडणं किंवा बिघडणं), एसएलए (सेवा किती चालू राहील, किती वेळात मिळेल याचं करारातलं वचन), महिन्याचा रिव्ह्यू. आणि आपल्याकडच्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत नुसतं डिलिव्हरी मॅनेजर म्हटलं की बरेचदा एका क्लायंटचे पाच-सहा प्रोजेक्ट, त्यावरची सगळी माणसं, बिलिंग, मार्जिन, बेंचवर (प्रोजेक्टशिवाय) कोण बसलंय, सगळं आलं.

ब्रिटनच्या सरकारी कामात मात्र हाच शब्द वेगळा वापरतात. तिथे २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस सुरू झाली, २०१२ मध्ये गव्ह डॉट यूके ही सगळ्या खात्यांची एक साइट आली, आणि डिस्कव्हरी, अल्फा, बीटा, लाइव्ह अशा टप्प्यांनी सेवा बनवायची पद्धत त्यांनी रुजवली. त्यांचा डिलिव्हरी मॅनेजर रोज टीमसोबत बसणारा असतो, आणि असोसिएटपासून हेडपर्यंत कोणत्या पायरीला काय आलं पाहिजे हे त्यांनी लिहून सगळ्यांसाठी ऑनलाइन खुलं ठेवलंय. मी स्वतः त्यातून माझ्या कमतरता शोधल्या, तुम्ही पण वाचा, ब्रिटनमध्ये जायचं नसलं तरी.

इंजिनिअरिंगच लागते का? मी बीसीए किंवा बीकॉम आहे.

नाही लागत. काही कंपन्या फ्रेशर घेताना इंजिनिअरिंगची अट टाकतात ते खरं आहे, पण डिलिव्हरी मॅनेजर म्हणून फ्रेशर कोणी घेतच नाही, या जागेवर सगळे दुसऱ्या दारातून येतात. टेस्टिंगमधून येतात, सपोर्टमधून येतात, बिझनेस अ‍ॅनालिस्ट येतात, बीपीओमधले टीम लीड येतात. माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला डिलिव्हरी मॅनेजर बीकॉम आहे, सुरुवातीला कॉल सेंटरला होता, चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलायचं कसं हे तो तिथेच शिकला आणि ते कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत.

पण कोडिंग तर आलं पाहिजे न?

लिहिता नाही आलं तरी चालतं, समजलं पाहिजे. एपीआय म्हणजे काय, डेटाबेस बदलला की रिलीज का लांबते, टेस्ट आणि प्रॉडक्शन (लोक खरंच वापरतात ते) एन्व्हायर्नमेंट वेगळे का ठेवतात, रोलबॅक कसा करतात, लॉग कुठे बघायचे. डेव्हलपर म्हणाला दोन दिवस लागतील तर का लागतील हे विचारता आलं पाहिजे आणि उत्तर कळलं पाहिजे. एसक्यूएलची साधी क्वेरी मात्र शिकाच, रात्री अकराला किती लोकांचे अर्ज अडकलेत हा आकडा स्वतः काढता आला की कोणाला झोपेतून उठवावं लागत नाही.

किती वर्षं लागतात?

साधारण आठ-दहा वर्षं धरून चला, त्यातली पहिली तीन-चार प्रत्यक्ष हाताने काम करण्यात जाऊ द्या. घाईने लीड झालेली पोरं मी बघितलीत, ज्यांनी स्वतः कधी प्रॉडक्शनचा इन्सिडंट हाताळला नाही, आणि मग टीम त्यांच्याकडे बघतच नाही. वर्ष मोजण्यापेक्षा हे बघा की मागच्या सहा महिन्यात तुम्ही दुसऱ्याचं अडलेलं काम किती वेळा मोकळं केलं.

सर्टिफिकेट कोणतं करू? क्लासवाले तर लाखभर रुपये सांगून राहिले.

कर्ज काढून कोणतंच करू नका, हे आधी सांगते.

स्क्रमसाठी दोन नावं जास्त ऐकू येतात. पीएसएम वनला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) क्लास लावायची सक्ती नाही, घरी बसून ऑनलाइन परीक्षा, ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि पास व्हायला ८५ टक्के लागतात, म्हणून सोपी समजू नका. सीएसएमला (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) मान्यताप्राप्त ट्रेनरचा क्लास करावाच लागतो, त्यामुळे महाग पडतं. स्क्रमचं अधिकृत गाइड फुकट डाउनलोड होतं, २०२० ची आवृत्ती आहे, एका संध्याकाळी वाचून होते, आधी ते वाचा आणि मग ठरवा.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) नंतर करा, कारण त्याला अनुभव लागतो, पदवीधराला ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा आणि वर ३५ तासांचं ट्रेनिंग, पदवी नसेल तर ६० महिने. अर्ज भरताना अनुभव खरा लिहा, ते ऑडिटला काढतात.

सपोर्टच्या बाजूने येत असाल तर आयटिल (आयटी सेवा चालवायच्या पद्धती) फाउंडेशन मला सगळ्यात कामाचं वाटलं. हे मूळचं १९८० च्या दशकातलं ब्रिटिश सरकारचं काम आहे, चौथी आवृत्ती २०१९ ला आली. त्यातला एकच भेद नीट कळला तरी पैसे वसूल, तो म्हणजे इन्सिडंट आणि प्रॉब्लेम वेगळे. उन्हाळ्यात कूलर बंद पडला तर आधी कसंही करून हवा सुरू करतो आपण, शेजारून टेबल फॅन आणतो, ते इन्सिडंटचं काम. पंप दर आठवड्याला का जळते, बोअरच्या पाण्याने जाळी भरते का, व्होल्टेज कमी आहे का, हे शांतपणे शोधणं ते प्रॉब्लेमचं काम. रात्री दोनला साइट बंद असताना जो मॅनेजर चूक कोणाची होती हे विचारत बसतो त्याला हा भेद कळलेला नाही.

नागपुरात राहून होईल का हे, की पुणे-हैदराबाद गाठावंच लागते?

आम्ही शिकत होतो तेव्हा रिझल्ट लागला की बॅग भरायची हे ठरलेलंच होतं, रात्रीच्या ट्रॅव्हल्स पोट्ट्यांनी भरलेल्या असायच्या. आता तसं राहिलं नाही. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, टेक महिंद्रा, हेक्सावेअर, इन्फोसिस आहेत, परसोडीच्या आयटी पार्कला पर्सिस्टंट आहे, शिवाय छोट्या-मध्यम कंपन्या धरमपेठ, प्रतापनगरकडे घरासारख्या बंगल्यातून चालतात. मार्च २०१९ पासून सिताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो जाते, वर्धा रोडच्या उन्हात गाडी चालवण्याचा त्रास वाचला. शिकायला व्हीएनआयटी तर होतंच, २०१५ मध्ये आयआयएम आलं, २०१६ मध्ये ट्रिपल आयटी.

पण पूर्ण चित्र सांगायला पाहिजे. पहिल्या चार-पाच पायऱ्या इथे चढता येतात, वरच्या जागा मात्र इथे मोजक्या आहेत, क्लायंटचं अख्खं अकाउंट बघणारी माणसं अजून पुणे, मुंबई, बंगलोरला जास्त बसतात. माझ्या बाबतीत दोन वर्षं पुण्याला जाऊन काम केलं आणि मग बदली मागून परत आले, आई इथे एकटी होती म्हणून. मला ती दोन वर्षं उपयोगी पडली. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी छोट्या कंपनीचा विचार जरूर करावा, तिथे टायटल मोठं नसलं तरी क्लायंटशी थेट बोलायला मिळतं, इस्टिमेट पासून बिलापर्यंत सगळं एका माणसाच्या हातून जातं, दोन वर्षांत जे शिकाल ते मोठ्या कंपनीत पाच वर्षांत नाही मिळत.

सरकारी पोर्टल, ई-सेवा यांच्यात पण हे काम असते का?

असतं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, फक्त ते बहुतेक कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या बाजूने करावं लागतं. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, नॉन क्रिमीलेअर अशा अधिसूचित सेवा किती दिवसात मिळाल्या पाहिजेत हे ठरवून द्यायचं, नाही मिळाल्या तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. आपले सरकार पोर्टल त्याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आहे. म्हणजे आम्ही क्लायंटसोबत करारात जो एसएलए लिहितो तो इथे कायद्यातच लिहिलेला आहे.

आता जूनचा विचार करा. दहावी-बारावीचा रिझल्ट लागला, अ‍ॅडमिशन सुरू झाल्या, सगळ्या मायबापांना एकाच आठवड्यात दाखले पाहिजेत, सेतू केंद्रावर सकाळी सातपासून रांग. ही गर्दी अचानक आलेली नाही, दरवर्षी येते, कॅलेंडरवर दिसते. तरी सर्व्हर त्याच आठवड्यात लोळत असेल तर त्याला मी टेक्निकल प्रॉब्लेम म्हणणार नाही, डिलिव्हरीचा म्हणेन. एप्रिलमध्येच लोड टेस्ट (एवढी गर्दी सर्व्हरला झेपते का याची चाचणी) झाली पाहिजे, मे अखेरपासून नवीन बदल टाकणं बंद केलं पाहिजे, केंद्रचालकांना फोन करायला एक माणूस ठेवला पाहिजे. रांगेत उभ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि कोणत्या डॅशबोर्डवर तो आकडा नसतो.

एसएलए एसएलए सगळे म्हणतात, ते गणित काय आहे?

३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याचा वेळ) कबूल केला की बंद राहायला फक्त ४३ मिनिटं मिळतात. ९९.५ असेल तर ३ तास ३६ मिनिटं, ९९ असेल तर ७ तास १२ मिनिटं. सेल्सवाला बोलता बोलता एक नऊ वाढवून देतो आणि टीमची झोप तिथे जाते.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. तुमची सेवा ९९.९ आणि तुम्ही ज्यावर अवलंबून आहात तो पेमेंट गेटवे पण ९९.९ असेल, तर दोन्ही मिळून ९९.८ होतात, म्हणजे ८६ मिनिटं. करार करायच्या आधी हे कागदावर मांडा, आणि मेंटेनन्सचा ठरलेला वेळ त्यात धरलाय का नाही ते लिहून घ्या.

प्रोजेक्ट अडचणीत आहे, पण वरचे म्हणतात रिपोर्टमध्ये हिरवाच दाखव. काय करू?

मला जर फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगितलं तर मी हा घेईन.

या धंद्यात अशा रिपोर्टला टरबूज म्हणतात, बाहेरून हिरवा, कापला की लाल. माझ्या हातून तो झालाय. लीड होऊन वर्ष झालं होतं, एका क्लायंटचं बिल भरण्याचं पोर्टल करत होतो, आणि जुन्या ग्राहकांचा डेटा नवीन सिस्टममध्ये आणताना काही खात्यांची थकबाकी जुळत नव्हती. टेस्टरने पहिल्या आठवड्यातच सांगितलं. मला वाटलं आठवडाभरात निघेल, उगाच क्लायंटला कशाला घाबरवायचं, म्हणून हिरवं ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात पण हिरवं. तिसऱ्या आठवड्यात सांगायचं तर मग आधीचे दोन हिरवे का होते हे पण सांगावं लागलं असतं, म्हणून परत हिरवं. लाइव्ह गेलो आणि दुसऱ्या दिवशी भरलेलीच बिलं परत भरा असे मेसेज लोकांना गेले. तीन रात्री आख्खी टीम ऑफिसात होती, एका मुलाची बहिणीच्या साक्षगंधाची सुट्टी मी त्यात रद्द केली, ते मला आजही टोचतं. आणि क्लायंटकडच्या बाईंनी नंतर मला एवढंच विचारलं की पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर आम्ही तारीखच पुढे नेली असती, का नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी वाईट बातमी कळली त्याच दिवशी कळवते, पूर्ण माहिती यायची वाट बघत नाही. लिहिताना चार गोष्टी: काय झालंय, त्याने कोणाचं काय अडणार, आम्ही आत्ता काय करतोय, पुढची खबर किती वाजता देणार. उदाहरणार्थ, "जुन्या डेटातल्या काही खात्यांची थकबाकी जुळत नाही, नेमकी किती खाती ते आज मोजतोय. हे सुटल्याशिवाय लाइव्ह गेलो तर चुकीची बिलं जातील. दोघं जण फक्त यावर आहेत. उद्या ४ वाजता आकडा देते, तेव्हा तारीख ठेवायची का हलवायची ते सोबत ठरवू." एवढंच. माफीचं लांबलचक पत्र नको आणि कोणाचं नाव घेऊन बोट दाखवणं तर अजिबात नको.

आणि वरचे हिरवं दाखव म्हणत असतील तर? आधी त्यांना एकट्याला भेटून सांगा, सगळ्यांसमोर नाही, बरेचदा ते स्वतः त्यांच्या वरच्याला घाबरलेले असतात. रंग तुमच्या हातात नसेल तर रिस्क रजिस्टरमध्ये (प्रोजेक्टच्या धोक्यांच्या नोंदवहीत) तारखेसह लिहून ठेवा, ते तुमच्या हातात असतं. तरी दर महिन्याला तेच चालू असेल तर मी तरी दुसरी नोकरी शोधेन, कारण ज्या दिवशी ते टरबूज फुटेल त्या दिवशी नाव तुमचंच येणार आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे, मराठी मीडियमचा आहे. क्लायंट कॉलवर घाम फुटतो.

मी पण सेमी इंग्रजीवालीच आहे, सुरुवातीला कॉलच्या आधी बोलायची वाक्यं वहीत लिहून काढायची. हळू बोला, छोटी वाक्यं बोला, आकडे आणि तारखा स्पष्ट बोला, समोरच्याला तेच पाहिजे असतं. नाही कळलं तर परत विचारा, हो हो म्हणून कॉल संपवलात तर दोन आठवड्यांनी चुकीची वस्तू बनून येते. कॉल संपल्यावर अर्ध्या तासात काय ठरलं ते मेल करा, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथेच सापडते.

टीममध्ये आपण हिंदी-मराठी मिसळूनच बोलतो, ते बरंच आहे, मन मोकळं होतं. पण एक जण चेन्नईचा आणि एक कोलकात्याची कॉलवर असेल तर मराठीत विनोद आणि कामाचं बोलणं दोन्ही टाळा. त्यांना वाटतं आपल्याला वगळून काहीतरी ठरतंय, आणि बरेचदा खरंच काहीतरी ठरलेलं असतं.

शिफ्टचं काय? घरी लहान मूल आहे.

क्लायंट कुठला आहे ते मुलाखतीतच विचारा. ब्रिटनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले हिवाळ्यात अडीच, उन्हाळ्यात दीड, म्हणजे रात्री आठ-साडेआठपर्यंत मोकळं होता येतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्या हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा, तिथे घरचं जेवण आणि स्टँडअप एकाच वेळी येतात. आणि घड्याळ दोघं वेगवेगळ्या दिवशी बदलतात, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन शेवटच्या, त्या मधल्या आठवड्यांत तिघं मिळून कॉल असला की कोणीतरी हमखास एक तास चुकतो, कॅलेंडर आधीच दुरुस्त करून ठेवा.

उशिरा घरी जाणाऱ्या मुलींसाठी कॅब आणि सोबत गार्ड हे मागायला लाजू नका, आणि तुम्ही मॅनेजर असाल तर शेवटची मुलगी घरी पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय स्वतः झोपू नका. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी लाइट गेली तर घरून काम करणाऱ्यांचं काय, कोणाकडे इन्व्हर्टर आहे, कोणाच्या मोबाइलला रेंज आहे, याची पण यादी ठेवा.

ऐन रिलीजच्या तोंडावर टीममधल्या मुख्य माणसाने पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, तर?

टाकणारच कधी ना कधी. दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो पण शेवटच्या महिन्यात मन दुसरीकडे गेलेलं असतं, तेव्हा केटी (कामाची माहिती दुसऱ्याला समजावून देणं) घेऊन काही हाती लागत नाही. कोणतंही काम फक्त एकाच डोक्यात राहू देऊ नका, दर स्प्रिंटला एखादं काम मुद्दाम दुसऱ्याला द्या, थोडं हळू होईल, होऊ द्या. सुट्ट्यांचं पण तसंच, पोळा-मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक), गणपती, दिवाळी या तारखा जानेवारीतच कॅलेंडरला टाका, बाहेरच्या क्लायंटला मारबत म्हणजे काय ते माहीत नसतं, पण त्या दिवशी महाल-इतवारीकडून कोणी वेळेत ऑफिसला येऊ शकत नाही हे सांगितलं की कळतं. आणि जाणाऱ्याला नीट निरोप द्या, नागपूर छोटं आहे, तीन वर्षांनी तोच तुमची मुलाखत घेत असतो.

पगार किती मिळतो?

सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्यावर जाऊ नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं धरलेलं असतं. फिक्स किती, व्हेरिएबल किती आणि मागच्या वर्षी व्हेरिएबल खरंच किती टक्के दिलं, जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, हे विचारा. पुण्याच्या ऑफरशी तुलना करताना तिथलं घरभाडं आणि ट्रॅफिकमधले दोन तास वजा करून बघा.

एआय आल्यावर हे काम राहील का?

मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, स्टेटसचा रिपोर्ट बनवणं, तिकिटं वर्गवारीने लावणं हे टूल करून राहिले आत्ताच, आणि बरं झालं, माझे त्यात रोजचे दीड तास जायचे. पण टूल बोर्डवर (टीमच्या कामांची यादी असते तिथे) जे लिहिलंय त्याचाच रिपोर्ट बनवतं. वर सांगितलेला पेमेंटवाला मुलगा बोर्डवर "चालू आहे" असंच लिहीत होता.

पहिल्यांदाच टीम हातात आली आहे. पहिल्या आठवड्यात काय करू?

काही बदलू नका. प्रत्येकाशी वेगळं अर्धा तास बोला, कँटीनमध्ये, तर्री पोहे खात बोललात तर जास्त कळेल, आणि एकच विचारा, तुझं काम कशामुळे अडते? उत्तरं लिहून ठेवा. तीन जणांनी एकच गोष्ट सांगितली की तुमचं पहिलं काम सापडलं.

मग बोर्ड मोजा. उघडी कामं किती आहेत आणि आठवड्याला पूर्ण किती होतात. समजा २१ कामं उघडी आहेत आणि आठवड्याला ७ संपतात, तर एका कामाला सरासरी तीन आठवडे लागणारच, टीमने कितीही धावपळ केली तरी. उघडी कामं १० वर आणली तर तेच काम दीड आठवड्यात बाहेर पडतं, माणूस न वाढवता. हे मी स्वतः करून बघितलंय, सुरुवातीला टीम घाबरते की आपण रिकामे दिसू, दोन-तीन आठवड्यांत त्यांना फरक कळतो. दहाच ठेवायची तर अकरा कामं थांबवावी लागतील, कोणती ते प्रॉडक्टवाल्यांसोबत बसून ठरवा, एकट्याने नाही. आणि जी थांबवली ती ज्यांनी मागितली होती त्या प्रत्येक माणसाला त्याच दिवशी स्वतः फोन करा, त्यांना बोर्ड बघून कळता कामा नये.